दुपारचं ऊन संध्याकाळी सातला! हवामान केंद्राचा १२ वर्षांचा डेटा नव्या सॉफ्टवेअरवर नेताना झालेला घोळ

मणेराजुरीचा_माळ

राम राम मंडळी.

तासगाव तालुक्यात मणेराजुरीच्या शिवारात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, सगळी सोनाका, आणि बेदाण्याचं एक शेड. २०१३ च्या जूनमध्ये बागेच्या कडेला डेव्हिसचं व्हँटेज प्रो-२ हवामान केंद्र बसवलं. तेव्हा येणारा-जाणारा विचारायचा, "पाव्हणं, ह्या पंख्यातनं वीज किती निघती?" आता तीच माणसं ऑक्टोबर छाटणी झाली की सकाळी साडेसहाला फोन करतात, "रात्री पान किती तास ओलं होतं? डावणी बुरशीचं औषध मारू का थांबू?" तेव्हा हा विषय माझ्यासाठी हौसेच्या पुढं गेलाय, एवढं आधीच सांगून ठेवतो.

इतकी वर्षं केंद्राच्या सगळ्या नोंदी क्युम्युलस १.९.४ ह्या सॉफ्टवेअरवर चालायच्या, विंडोज ७ च्या एका जुन्या डब्यावर. डबा देवघराच्या कोनाड्याखाली. यंदा मे महिन्यातच पावसानं गाठलं, लाइट दिवसातून दहा वेळा ये-जा करायला लागली आणि हार्डडिस्कमधून पाल चुकचुकल्यासारखा आवाज यायला लागला. माझ्या मनात पण चुकचुकलीच. पुण्याच्या पुतण्याला बोलावलं. तो १ जूनच्या रविवारी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेऊन आला, त्यावर वीडब्ल्यूएक्स ह्या नव्या सॉफ्टवेअरची पाचवी आवृत्ती टाकली, केंद्राची यूएसबी वायर तिकडं लावली, क्युम्युलसच्या महिन्याला एक अशा १४४ फायली इम्पोर्टला लावल्या, मटण-भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. इम्पोर्ट रात्रभर चाललं. सकाळी बघतो तर सहा लाखांच्या वर नोंदी आत. म्हटलं, झालं काम.

दुपारी दोनला वीडब्ल्यूएक्सचं वेबपान उघडलं तर वर वेळ सकाळचे साडेनऊ. स्वयंपाकघरातलं कन्सोल (केंद्राचे आकडे दाखवणारं यंत्र) पण साडेनऊच दाखवतंय. आई म्हणाली, "घड्याळ आजारी पडलं वाटतं रं." पुतण्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. हळू आवाजात म्हणाला, "काका, टाइम झोन राहिला बदलायचा, आशिया-कोलकाता करा आणि रीस्टार्ट मारा." केलं. आताची वेळ बरोबर झाली, दोन-चार तासांत कन्सोल पण ताळ्यावर आलं.

पण आता जुना डेटा बिघडलाय. एप्रिल २०१९ चा आलेख काढला तर कमाल तापमान ४१ अंश, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी! दिवस मावळल्यावर? टाइम झोन बदलायच्या आधी हाच आलेख मी बघितला होता, तेव्हा दुपारी दोन-चाळीसला होता. म्हणजे नवं सुधारलं आणि जुनं बिघडलं. पुतण्या आता म्हणतोय पुढच्या महिन्यात येतो. तोवर मी काय करू? आणि जुना डबा किती दिवस जगेल ह्याचा भरवसा नाही.

कोयनाकाठ

दादा, आमच्या पाटण भागात घड्याळापेक्षा पावसाचीच भानगड मोठी असते, त्यामुळं वेळेकडं कुणी बघत नाही. तुमचा वर्षाचा पाऊस आमच्याकडं एका झडीत पडून जातो.

मला वाटतं तुमच्या कन्सोलचं घड्याळ आधीपासूनच चुकलेलं असणार. ते नीट लावा आणि पुन्हा एकदा इम्पोर्ट करा.

एक फुकटचा सल्ला देतो. नवीन सॉफ्टवेअरवर गेल्यावर पाऊस मोजताना कलंडणाऱ्या बकेटचं सेटिंग नक्की तपासा. मी बदल केला तेव्हा आमचा अख्खा पावसाळा २७ टक्के फुगला होता. बकेट ०.२ मिलिमीटरची आणि सेटिंग ०.०१ इंचाचं. ०.०१ इंच म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. बकेट एकदा कलंडली की ०.०५४ फुकट. जुलैच्या एका महिन्यात किती टिचक्या पडतात आमच्याकडं, करा हिशेब! मी तर कोयनेच्या पाणलोटात नवा विक्रम झाला म्हणून मित्रांना कळवून बसलो होतो.

विश्रामबागची_गच्ची

कोयनाकाठ, कन्सोलचं घड्याळ इथं गुन्हेगार नाही. क्युम्युलसच्या फायलींत वेळ साध्या अक्षरांत लिहिलेली असते, "१४:४०" अशी. ती कुठल्या देशाची वेळ हे फायलीत लिहिलेलं नसतं. इम्पोर्ट करणारा प्रोग्राम ती वेळ स्वतःच्या मशीनच्या टाइम झोनमधली समजतो आणि डेटाबेसमध्ये १९७० पासूनचे सेकंद म्हणून ठेवतो. म्हणजे इम्पोर्ट झालं त्या रात्री पायचा टाइम झोन काय होता, त्यावर सगळं ठरलं.

मणेराजुरीकर, दोन गोष्टी बघून सांगा. घाईनं काही पुसू नका. पहिली, एप्रिलमध्ये साडेचार तासांचा फरक दिसतोय, तो डिसेंबर-जानेवारीत किती आहे? दुसरी, इम्पोर्ट संपताना पडद्यावर किंवा लॉगमध्ये दुहेरी नोंदींचा आकडा आला होता का?

मी पॉलिटेक्निकात पस्तीस वर्षं मोजमापाची उपकरणं शिकवली. आता गच्चीवर एक केंद्र आहे आणि वेळच वेळ आहे.

मणेराजुरीचा_माळ

सर, तुम्ही जादूगार आहात का काय! जानेवारी २०२० बघितला. कमाल तापमान रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी. जुन्या डब्यावर तोच दिवस दुपारी अडीचच्या सुमाराला. म्हणजे हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. एकच यंत्र, एकच बाग, आणि फरक दोन. हे बघून डोकं अजून गरगरलं.

पुतण्यानं पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, त्यात "७२ दुहेरी नोंदी वगळल्या" अशा अर्थाचं काहीतरी आहे. क्युम्युलसला मी दर दहा मिनिटाला नोंद लावली होती.

विश्रामबागची_गच्ची

७२ हा आकडा फार बोलका आहे.

तुमचा पाय इम्पोर्टच्या रात्री लंडनमध्ये होता. रास्पबेरी पायची सिस्टीम विलायतेतली, कुणी बदललं नाही तर टाइम झोन युरोप-लंडन असतो. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं. त्या उन्हाळी काळात फरक साडेचार तासांचा. तुमच्या बागेत घड्याळ कधीच पुढं-मागं झालं नाही, पण १२ वर्षांचा डेटा लंडनचं घड्याळ घालून आत गेला.

आता ७२. मार्चच्या त्या रविवारी लंडनमध्ये रात्रीचा एक ते दोन हा तास अस्तित्वातच नसतो. घड्याळ एकवरून थेट दोनवर जातं. मणेराजुरीत मात्र तो तास होता, आणि त्या तासात तुमच्या केंद्रानं सहा नोंदी केल्या. प्रोग्रामला त्या ठेवायला जागाच मिळाली नाही, त्या शेजारच्या तासाच्या नोंदींवर जाऊन आपटल्या आणि दुहेरी ठरल्या. जून २०१३ ते मे २०२५ ह्यात मार्च आले १२. बारा सक बहात्तर.

कोयनाकाठ

आयला! मी माझे शब्द मागं घेतो सर. बारा सक बहात्तर वाचून मी जागेवरून उठलो.

मणेराजुरीचा_माळ

सर, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाग मणेराजुरीत आणि घड्याळ लंडनला, म्हणूनच औषधाची वेळ चुकतीय तुमची." घ्या.

आता प्रश्न असा. डेटाबेस एसक्यूलाइटची एक फाइल आहे असं पुतण्या म्हणाला होता. त्यात उन्हाळ्याच्या नोंदींतून साडेचार तास आणि हिवाळ्याच्या नोंदींतून साडेपाच तास वजा केले तर भागणार नाही का? पुन्हा रात्रभर इम्पोर्ट करायचं जिवावर येतंय, आणि जुना डबा चालू करायची भीती वाटते.

विश्रामबागची_गच्ची

भागणार नाही. वगळलेल्या ७२ नोंदी वजाबाकीनं परत येत नाहीत. ऑक्टोबरच्या त्या रविवारी रात्री दर वर्षी तासाभराचं भगदाड पडलंय ते वेगळं. शिवाय डेटाबेसमध्ये दर दिवसाचा सारांश वेगळ्या टेबलांत ठेवलेला असतो, कमाल-किमान आणि त्यांच्या वेळा. वरवर नोंदी सरकवल्या तरी तो सारांश चुकीच्या तारखांना चिकटून राहतो. मूळ फायली हाताशी आहेत तर डागडुजी कशाला करायची? पुन्हा इम्पोर्ट करा.

जुन्या डब्याचं म्हणाल तर तो एकदाच चालू करा, क्युम्युलसचं डेटा फोल्डर अख्खं पेन ड्राइव्हवर घ्या, त्याच्या दोन प्रती करा आणि डबा बंद करून टाका. काम करायचं ते प्रतीवर.

पायवर वीडब्ल्यूएक्स थांबवा. थांबवल्यावर केंद्राच्या नोंदी बुडतील ही भीती नको. कन्सोलमधल्या लॉगरमध्ये २५६० नोंदी मावतात, तुमच्या दहा मिनिटांच्या हिशेबानं साडेसतरा दिवसांच्या वर. मला ह्याचा अनुभव २०१९ च्या ऑगस्टमधला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण लाइट आठ दिवस नव्हती. कन्सोल तीन सेलवर चालू होतं. मी नोंद पाच मिनिटांची ठेवली होती, म्हणजे लॉगर पुरणार आठ दिवस एकवीस तास. नवव्या दिवशी सकाळी लाइट आली, मी चप्पल न घालता वर पळालो. सगळा पाऊस उतरवून घेतला, एक नोंद गेली नाही.

मग डेटाबेसच्या फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा. १ जूनला वायर पायला लावली त्या क्षणाच्या आधीच्या सगळ्या नोंदी चालू फाइलमधून काढून टाका आणि दैनिक सारांश मोडून पुन्हा बांधा. पायनं स्वतः गोळा केलेल्या नोंदी खऱ्या आहेत, त्यांना हात लावू नका. फक्त १ जूनला वायर लावल्यानंतरचे पहिले चार-साडेचार तास डोळ्यांनी तपासा. क्युम्युलसच्या शेवटच्या नोंदी पुढं सरकून तिथं येऊन बसल्या असणार.

टाइम झोन आता कोलकाता आहे ना, हे पुन्हा एकदा बघा. इम्पोर्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये "ड्राय रन" आधी चालू ठेवा. खरं काही लिहिलं जात नाही, पण काय होणार ते दिसतं. दुहेरी नोंदी शून्य आल्या तर आपण जिंकलो. (कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, ती गोड मानून घ्या.)

बेदाणा_ब्रो

काका, मी पलूसचा. मधेच तोंड घालतो. पुतण्यादादांनी युनिट काय दिलेत ते पण बघा. क्युम्युलसच्या फायलीत वारा किलोमीटरमध्ये आहे का मीटर-सेकंदमध्ये हे लिहिलेलं नसतं, आपण सांगू ते खरं. आणि वीडब्ल्यूएक्समध्ये दोन मेट्रिक आहेत. साध्या "मेट्रिक"मध्ये पाऊस सेंटिमीटरमध्ये ठेवतात आणि "मेट्रिक-डब्ल्यूएक्स"मध्ये मिलिमीटरमध्ये. मी एकदा थेट डेटाबेसमधून आकडे काढून ग्रुपवर टाकले होते, "पलूसला आज ४.२ मिमी." शेतात गुडघाभर चिखल आणि मी म्हणतोय ४.२. लोकांनी धुतला मला.

डेटाबेस कशात पण असू द्या, एकदा ठरलं की मधे बदलू नका. पानावर दाखवायचं युनिट वेगळं ठरवता येतं.

मणेराजुरीचा_माळ

मंडळी, आठ दिवसांनी आलोय. पाऊस, मजूर आणि पाहुणे एकदमच आले होते.

पहिल्या ड्राय रनला निम्म्या फायली नाकारल्या. पोटात गोळा आला. मग फायली उघडून बघितल्या. २०१८ च्या दिवाळीत डब्यावर विंडोज पुन्हा टाकलं होतं, तेव्हापासून तारखेतली तिरकी रेघ जाऊन आडवी रेघ आलीय. आधी "०५/११/१८" आणि नंतर "१०-११-१८". कॉन्फिगमध्ये तारखेचं चिन्ह एकच सांगता येतं. प्रतीवरच्या सगळ्या फायलींत आडव्या रेघांच्या तिरक्या केल्या, पण फक्त ओळीच्या सुरुवातीच्या तारखेत. पहिल्या फटक्यात मी सगळ्याच आडव्या रेघा बदलल्या होत्या. आमच्याकडं तापमान शून्याखाली जात नाही म्हणून वाचलो, महाबळेश्वरच्या वेण्णा लेककाठी दवाचं बर्फ मोजणाऱ्यानं असं केलं तर उणे चिन्हाचीच वाट लागायची.

दुसरा ड्राय रन, दुहेरी नोंदी शून्य! खरं इम्पोर्ट लावून झोपलो. सकाळी एप्रिल २०१९ बघितला. दुपारी दोन-चाळीस, ४१ अंश. एवढं ऊन बघून एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला.

पण सुखाला दृष्ट लागते. आमचे आण्णा, वय ८१, पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. तिथली सवय म्हणून ते रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या साध्या पर्जन्यमापकाचं पाणी काचेच्या नळकांड्यात ओतून मोजतात आणि वहीत लिहितात. यंत्र आलं तरी वही बंद झाली नाही. त्यांनी चष्मा लावून नवीन पानावरचा पाऊस वहीशी ताडला आणि म्हणाले, "तुझं नवीन यंत्र पाऊस चोरतंय."

उदाहरण देतो. २०२१ च्या सप्टेंबरात २६ च्या रात्री मोठा पाऊस झाला. वहीत २७ तारखेला ३८. जुन्या क्युम्युलसमध्ये २६ तारखेला ३८.२. नवीन पानावर २६ ला ११.४ आणि २७ ला २६.८. महिन्याची बेरीज जुळते, दिवस जुळत नाहीत. आता ह्यात लंडन कुठून आलं?

कोयनाकाठ

लंडन नाही दादा, ह्या वेळी मी सांगतो! हा आमचा प्रांत.

दिवस कधी सुरू होतो हे प्रत्येकाचं वेगळं आहे. हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतं आणि तो पाऊस संपणाऱ्या सकाळच्या तारखेला लावतं. आण्णांची वही त्या पद्धतीची, म्हणून २७. तुमच्या क्युम्युलसमध्ये दिवस बदलायची वेळ सकाळी नऊ ठेवलेली असणार, आणि ते सुरू होणाऱ्या दिवसाची तारीख लावतं, म्हणून २६. वीडब्ल्यूएक्स मध्यरात्री ते मध्यरात्री, म्हणून पाऊस चिरला गेला. ११.४ आणि २६.८ मिळवा, ३८.२ च येतात. चोरी कुठं झालीच नाही.

हे किरकोळ वाटतं, पण महसुलात दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात. एका रात्रीचे ७० मध्यरात्रीनं चिरून ३० आणि ४० झाले की तुमच्या आलेखावर अतिवृष्टी दिसतच नाही. महसूल मंडळाच्या आकड्याशी तुलना करायची तर साडेआठचाच दिवस धरावा लागतो.

उपाय सोपा. डेटाबेसमध्ये वेळ सेकंदात आहे. साडेआठनंतरचा पाऊस उद्याच्या तारखेत ढकलायचा, म्हणजे साडेपंधरा तास मिळवायचे. ५५८०० सेकंद मिळवा, मग स्थानिक तारीख काढा आणि तारखेवार पावसाची बेरीज घ्या.

विश्रामबागची_गच्ची

उत्तर पटलं, फक्त एक सेकंद कमी करा. ५५७९९.

वीडब्ल्यूएक्सच्या नोंदीवरची वेळ ही त्या दहा मिनिटांच्या शेवटाची असते. साडेआठचा शिक्का असलेल्या नोंदीत ८.२० ते ८.३० चा पाऊस आहे, तो आजच्याच सकाळचा. ५५८०० मिळवले तर ती नोंद बरोबर मध्यरात्रीवर पडते आणि उद्यात जाते. एक सेकंद कमी केला की आजच राहते.

कोयनाकाठ

सर, तुमच्या विद्यार्थ्यांची मला दया येते. 🙏 (पण बरोबर आहे. माझ्या तीन वर्षांच्या तक्त्यात आत्ता बदल केला.)

मणेराजुरीचा_माळ

केलं. पुतण्याला फोनवर घेऊन क्वेरी लिहिली, वहीच्या पाच पावसाळ्यांशी आण्णा आणि मी बसून ताडलं. ते वाचायचे, मी बघायचो. अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडं-तिकडं सोडलं तर जुळतंय. आण्णा म्हणाले, "मग हे आधीच का नाही लावलं?"

आता शेवटचं दुखणं. पानाच्या ओलाव्याचा सेन्सर मी २०१६ ला बसवला, ज्याच्यासाठी लोक फोन करतात तो. १४४ फायलींचं इम्पोर्ट झालं, पण ओलाव्याचा रकाना २०१६ पासून मोकळाच. तो डेटा गेला का?

बेदाणा_ब्रो

नाही काका, गेला नाही. क्युम्युलस ओलावा महिन्याच्या मुख्य फाइलमध्ये लिहितच नाही. त्याच फोल्डरमध्ये "एक्स्ट्रा लॉग" नावानं सुरू होणाऱ्या वेगळ्या फायली असतील बघा. जादा सेन्सरचं सगळं तिथं. इम्पोर्ट फक्त मुख्य फायली वाचतं.

नंतर वेगळं इम्पोर्ट करायला जाल तर फसाल. त्या वेळेची नोंद डेटाबेसमध्ये आधीच आहे, मग नवीन ओळ दुहेरी म्हणून टाकून देईल. मी दोन रस्ते करून बघितले. एक, दोन्ही फायली तारीख-वेळेवर जोडून एकच सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) करायची आणि कोऱ्या डेटाबेसमध्ये सीएसव्ही म्हणून घ्यायची. दुसरा, आहे त्या डेटाबेसमध्ये वेळ जुळवून फक्त ओलाव्याचा रकाना भरायचा आणि सारांश पुन्हा बांधायचा. तुमचं बाकी सगळं जुळलंय तर दुसरा रस्ता धरा. वेळ सेकंदात बदलताना पुन्हा लंडनला जाऊ नका म्हणजे झालं 😄

ओलाव्याचा आकडा ० ते १५ असतो. किती आकड्याच्या वर पान ओलं धरायचं ते प्रत्येकाच्या बागेचं वेगळं. सेन्सर कुठं टांगलाय, वेलीच्या आत का बाहेर, त्यावर फार आहे. मी पहाटे बॅटरी घेऊन पानाला हात लावून बघितलं आणि आमच्या बागेपुरतं ठरवलं. आजीला वाटलं पोराला काहीतरी झालंय.

अजून एक. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली आणि नेट नसलं तर तो जिथं थांबला होता तिथूनच वेळ धरतो. वीडब्ल्यूएक्स दर चार तासांनी कन्सोलचं घड्याळ पायशी जुळवतं, म्हणजे चुकीची वेळ कन्सोलवर पण चढते. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं, बटणाच्या सेलवर चालतं. तेवढं बसवा. आपल्याकडच्या लाइटला दुसरा उपाय नाही.

मणेराजुरीचा_माळ

एक्स्ट्रा लॉगच्या फायली सापडल्या! २०१६ पासून सगळ्या. रकाना भरला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री ओलाव्याचे तास एकाखाली एक बघितले आणि कुठल्या वर्षी मी उगाच चार फवारण्या जादा मारल्या ते लख्ख दिसलं. औषध दुकानदाराला दाखवणार नाही.

डीएस३२३१ मागवलंय. त्याचा सेल किती वर्षं जातो ते कुणीतरी सांगा.

एक कोडं राहिलं होतं, तेही लिहितो. ऑक्टोबर २०२० मध्ये तो मोठा अवकाळी झाला, १४-१५ तारखेचा, ज्यात छाटणी झालेल्या बागा पाण्यात उभ्या होत्या. त्या सकाळी वहीत ६३, आणि यंत्रात ४१.२. बाकी सगळं जुळत असताना एवढा फरक. जुन्या क्युम्युलसच्या फायलीत पण ४१.२ च, म्हणजे इम्पोर्टचा दोष नाही. आकडा ६३ करून टाकू का?

कोयनाकाठ

करा की. वहीच खरी.

विश्रामबागची_गच्ची

करू नका. यंत्रानं जे मोजलं ते तसंच राहू दे, शेजारी टीप लिहा. आज एक आकडा बदलला की उद्या कुठले बदलले आणि कुठले नाहीत हे तुम्हालाच आठवणार नाही. मात्र कारण शोधा. कमी दाखवलं म्हणजे फनेल तुंबलं असणार.

मणेराजुरीचा_माळ

नाही बदललं सर. कारण पण मिळालं. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "पुढचं पान उलट." वहीत १७ ऑक्टोबर २०२० ला पावसाच्या रकान्यात ०, आणि खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय: "यंत्राच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. काडीनं काढलं. पोराला सांगायचं राहिलं."